पाटल्या सापडत नाहीत तेव्हा

लग्नकार्य चार दिवसांवर आलेले असते आणि कपाटातील डबीतून पाटल्यांचा जोड नाहीसा झाल्याचे लक्षात येते. गाद्या उलथल्या जातात, धान्याचे डबे रिते होतात, दुकानातील गल्ल्यापर्यंत शोध पोहोचतो. आजी णमोकाराची माळ हाती घेते. सूनबाई पार्श्वप्रभूंपुढे दिवा लावून नवस बोलते. आणि या धांदलीत प्रत्येकाची नजर एकदा तरी भांडी घासणाऱ्या बाईकडे जाऊन येते. मुखी मंत्र आणि डोळ्यांत संशय, हे दृश्य व्यापारी घरांना अपरिचित नाही.

अशा वेळी देवावर विश्वास ठेवावा, म्हणजे नेमके काय करावे?

वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथा या संदर्भात आठवते. एलिचपूरच्या श्रीपाल राजाचा त्वचारोग एका जलाशयाच्या पाण्याने बरा झाला आणि त्या पाण्यात दडलेली मूर्ती त्याला लाभली, असे परंपरा सांगते. मूर्ती गाडीतून न्यावी, मात्र मागे वळून पाहू नये, एवढीच अट होती. मूर्ती खरोखर येत आहे ना, ही शंका राजाला वाटेत आवरली नाही. त्याने मागे पाहिले. गाडी पुढे गेली आणि मूर्ती तेथेच अधांतरी राहिली. हरवलेले हाती आल्यावरही राजाचा विश्वास डळमळला, तेथे डबी रिकामी दिसल्यावर सामान्य गृहस्थाचा डळमळला तर नवल नाही.

तथापि जैन दर्शनात वीतराग प्रभू कोणाची वस्तू शोधून देत नाहीत. ते राग-द्वेषांच्या पलीकडे आहेत. त्यांना नवसाने प्रसन्न करता येत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. प्रिय वस्तू दुरावली की तिच्याच प्राप्तीचे अखंड चिंतन करणे हा त्यांतील एक, आणि फळाची आस धरणे, म्हणजे निदान, हा दुसरा. ‘पाटल्या मिळाल्या तर भंडारात अकराशे रुपये’ हा संकल्प या दुसऱ्या प्रकाराच्या फार जवळ जातो. शिवाय अकराशे रुपयांत तोळ्यांचे सोने सोडवण्याचा हा सौदा कोणत्याही पेढीवर मान्य होणार नाही!

मग माळ ओढावी कशासाठी? सामायिकाच्या 48 मिनिटांत मन थोडे स्थिरावते. स्थिर मनाला कधी कधी आठवतेही, की गेल्या लग्नाहून परतल्यावर पाटल्या शालूच्या घडीत ठेवल्या होत्या. पण आठवले नाही तरी प्रार्थना वाया जात नाही, कारण तेवढा वेळ जिभेवर कोणाचे नाव येत नाही. शोध थांबवावा, असा याचा अर्थ नव्हे. ठेवीची पावती हरवली तर बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे, धनादेशपुस्तिका हरवली तर धनादेशांचे पैसे थांबवण्याची सूचना द्यावी, चोरीचा पुरावा असेल तर पोलिसांत जावे. पुरावा नसताना मात्र नाव घेऊ नये. अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ, तेरावे गणले आहे. सोने पुन्हा घडवता येते. पण एका ओट्यावर उच्चारलेल्या शब्दाने त्या बाईची चार घरांची कामे संध्याकाळपर्यंत सुटतात.

शिरपूरच्या भाविकांनी तर स्वतःचे दर्शनच हरवलेले पाहिले. आपल्याच दोन संप्रदायांच्या वादात 1981 साली मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये ते उघडले. मधल्या 42 वर्षांत लोक येत राहिले, दारातील लहानशा झरोक्यातून मूर्ती पाहून हात जोडून परतत राहिले. त्या झरोक्यापुढे उभे राहून प्रभूंची आठवण झाली की प्रतिपक्षावरील रागाची, हे ज्याचे त्याला ठाऊक.

पाटल्या बहुधा सापडतात. घरात पेढे वाटले जातात, नवसही फेडला जातो. पर्युषणानंतर कोणी ‘उत्तम क्षमा’, कोणी ‘मिच्छा मि दुक्कडम्’ लिहून शेकडो ओळखीच्यांना मोबाइलवर पाठवतो. मागील दारी भांडी घासणाऱ्या बाईजवळ जाऊन तेच शब्द उच्चारणारी घरे वाशीममध्ये किती असतील?