अनुदान कोणाच्या हाती पडते?

शासकीय साहाय्याची रक्कम बँकेतील खात्यात थेट जमा होऊ लागल्यापासून मधल्या हातांची गळती पुष्कळच थांबली, हे मान्य करावयास हवे. तथापि ती योग्य हातात पडते काय, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. आपल्या याद्या सातबाऱ्यावरून तयार होतात आणि त्यावर नाव असते ते मालकाचे. नांगर धरणाऱ्याचे नव्हे.

अतिवृष्टीनंतर पंचनाम्यासाठी शेतोशेत हिंडताना हे प्रकर्षाने जाणवते. सोयाबीन पाण्याखाली गेलेले असते. बांधावर उभा असलेला इसम बियाणे, खत व मजुरीचा खर्च सोसून बसलेला असतो. खंडाची रक्कमही त्याने पाडव्यालाच चुकती केलेली असते. आम्ही नुकसान मोजतो त्याचे आणि नाव लिहितो शहरात राहणाऱ्या खातेदाराचे. मदतही त्याच खातेदाराकडे जाते. ती कसणाऱ्यास आणून देणारे मालक मी पाहिले आहेत. परंतु मालकाच्या सज्जनपणावर योजना चालविता येत नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे उदाहरण घ्यावे. वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात ते जमीनधारक कुटुंबास. आयकर भरणारा मालक नियमाने अपात्र ठरतो, ते योग्यच. पण त्याची जमीन बटईने करणाऱ्या भूमिहीनासही काही मिळत नाही. पीक शेतात उभे असते, शेतकरी मात्र कागदोपत्री कोणीच नसतो!

मग मालक करार लेखी का करीत नाहीत? त्याचे मूळ जुने आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक मानली गेली. कसणाऱ्यास न्याय देणारा तो कायदा होता. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु कागद दिला की जमीन गेली, ही धास्ती तेव्हापासून मालकांच्या मनात बसली आणि व्यवहार तोंडी होऊ लागले. मालकी अबाधित ठेवून भाडेपट्टा लेखी करण्याचा मार्ग निती आयोगाच्या २०१६ च्या नमुना कायद्यात दाखविलेला आहे. माझे मत असे की, तो मार्ग धरून निदान आपत्तीची मदत तरी पट्ट्याच्या आधारे कसणाऱ्यास द्यावी. खोटे पट्टेदार उभे राहतील, असा आक्षेप काही मंडळी घेतात. तो अगदीच निराधार नाही. पण खोट्याच्या भयाने खऱ्यास उपाशी ठेवणे मला पटत नाही.

कायद्याची वाट पाहत असता ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना एक काम आजच करता येईल. पुष्कळ उताऱ्यांवर मयत खातेदाराचेच नाव चालू असते आणि त्याची विधवा हप्त्यावाचून राहते. वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे, द्यावयाची असते. मुदत टळली असल्यासही ती अवश्य द्यावी. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांस सन्मान निधी मिळत नाही, मात्र खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने जमीन आलेल्यांस ही अट नाही. अनेक भगिनींना हे ठाऊकच नसते. सातबाऱ्यांचे वाचन होईल त्या दिवशी मयतांची नावे प्रथम वेगळी काढावीत. लहान गावात या कामास एका सकाळीपेक्षा अधिक वेळ लागत नाही.