न लिहिलेलं वाचताना

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९१०च्या आरंभी, मुंबई सरकारने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. नाटक विराटपर्वातलं. त्यात ना इंग्रज, ना वंगभंग. सैरंध्री बनून राहिलेल्या द्रौपदीवर डोळा ठेवणारा कीचक, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज आणि संतापलेला भीम, एवढंच. पण १९०७ साली ते रंगमंचावर आलं तेव्हा प्रेक्षकांना फोड करून सांगावी लागली नाही. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, धर्मराज मवाळ, भीम जहाल!

गंमत म्हणजे हा सगळा उलगडा ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात अगदी नेमका मांडला तो व्हॅलेंटाइन चिरोल यांनी. टिळकांनी पुढे ज्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेच हे चिरोल. विरोधकही कधी कधी फार बारकाईने वाचतो.

कर्झन तर १९०५मध्येच मायदेशी परतला होता. मग सरकारला भीती कसली? आम्हाला वाटतं, शेवटाची. कीचकाचं पुढे काय होतं हे थिएटरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं, आणि तो शेवट खाडिलकरांचा नव्हता, व्यासांचा होता. गूढार्थ नाटककाराने पेरला खरा, पण तो उगवला प्रेक्षकांच्या आठवणीत आणि रागात.

हल्ली मात्र गूढार्थाच्या नावाखाली ‘ही नायिका नेमकी कोणावर बेतलीय?’ एवढीच चौकशी चालते. ती निव्वळ चहाटळकी. एखादं वाक्य पकडून वाटेल तो अर्थ चिकटवणंही तसंच. कीचकाला कर्झन म्हटलं की द्रौपदी, धर्मराज, भीम सगळे आपापल्या जागी चपखल बसतात; एका संवादावर ते वाचन उभं नाही. जो अर्थ कलाकृतीतली बाकीची पात्रं नाकारतात, तो वाचकाचा हट्ट समजावा.

या अंकातल्या कथा-कवितांना आम्ही टिपा जोडलेल्या नाहीत. लेखकांनाही ‘तुम्हाला काय म्हणायचंय?’ असं विचारलेलं नाही. तुम्हाला काही वेगळं सापडलं तर जरूर कळवा. फक्त ते कुठल्या ओळींवरून सापडलं, तेही लिहा. लेखकाशी पटलं नाही तरी पत्र छापू.

दीपावलीच्या शुभेच्छा!