नको तर वापरू नकोस!

बरेच दिवसांत काही खरडलं नव्हतं. आळस, दुसरं काय. पण 2025च्या दिवाळीत ताईकडे फराळाला जमलो तेव्हा एक वाद अर्धवट राहिला, आणि तो तेव्हापासून डोक्यात भुणभुणतोय. तर आज तो संपवूनच टाकते.

झालं असं, की त्याच महिन्यात, 14 ऑक्टोबरला, विंडोज 10ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट्स थांबली होती. साहजिकच विषय निघाला. मायक्रोसॉफ्ट, तिची दादागिरी, अमेरिकेतला तो जुना खटला वगैरे वगैरे. आमचे भाऊजी (ताईचे यजमान, सगळा जन्म हिशेबात गेलेला) म्हणाले, "अगं, कोणी कपाळाला बंदूक लावलीय का? नको तर वापरू नकोस! एवढं सोपं आहे." यावर भाचा उसळला. तो हिंजवडीत नोकरीला, वय वर्षं पंचवीस, त्यामुळे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार. "असल्या कंपन्यांचे तुकडेच करायला हवेत. दर आठवड्याला काहीतरी बदलतात, काहीतरी बिघडवतात. कोर्टात खेचा!"

माझ्या तोंडात चकली होती. ती संपेपर्यंत विषय जमिनीच्या भावावर गेला. असो. तेव्हा सांगायचं राहिलं ते हे, की दोघंही चुकताय!

आधी भाऊजींचं. "नको तर वापरू नकोस" हा नियम चिवड्याला लागू पडतो. कोपऱ्यावरच्या दुकानातला चिवडा खवट निघाला तर पुढच्या वेळी मी पलीकडच्या दुकानात जाते. खवटपणाचा दंड दुकानदाराला बसतो, खटला भरावा लागत नाही. पण हे चालतं कधी? पलीकडे दुकान असेल आणि तिथे जायला रस्ता असेल तरच.

अमेरिकेच्या न्यायखात्याने आणि 20 राज्यांनी मे 1998मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तेव्हा प्रश्न नेमका या रस्त्याचाच होता. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर 1999मध्ये वस्तुस्थितीबद्दलचे निष्कर्ष दिले. इंटेल पद्धतीच्या पीसीवरच्या ऑपरेटिंग सिस्टिम्समध्ये या कंपनीचा वाटा दहा वर्षं सतत 90 टक्क्यांच्या वर होता आणि शेवटची एकदोन वर्षं किमान 95 टक्के. पण मला महत्त्वाचं वाटतं ते आकड्यामागचं कारण. प्रोग्रॅम लिहिणारे जिथे जास्त लोक तिथे लिहितात. लोक जिथे जास्त प्रोग्रॅम तिथे जातात. झालं चक्र सुरू! उद्या कोणी विंडोजपेक्षा दुप्पट चांगली सिस्टिम आणली तरी तिच्यावर चालणारे हजारो प्रोग्रॅम तो पहिल्या दिवशी कुठून आणणार? मग ती घेणार कोण?

इथपर्यंत कंपनीने काही गुन्हा केलाय असं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण भाच्याला वाटतं मोठं असणं हाच गुन्हा. 1890चा शर्मन कायदा तसं म्हणत नाही. चांगला माल देऊन मोठे झालात, खुशाल व्हा. पण मोठं झाल्यावर इतरांना वर येऊ नये म्हणून शिडीच ओढून घेतलीत, तर ते चालणार नाही.

आणि शिडी ओढली होती. आधीची एक पद्धत बघा. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने किती मशीन विकली त्यावर मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचे, मग त्या मशीनवर मायक्रोसॉफ्टची सिस्टिम असो वा नसो! म्हणजे दुसऱ्याची सिस्टिम घातली तर दोघांनाही पैसे मोजा. चहा प्या नाहीतर कॉफी प्या, चहाचे पैसे द्यायचेच. ही पद्धत 1994 साली सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर बंद झाली. पुढे नेटस्केप नेव्हिगेटर आला. ब्राउझरवरच प्रोग्रॅम चालायला लागले तर खाली कुठली सिस्टिम आहे याला कोण विचारणार? म्हणजे ते वर सांगितलेलं चक्रच तुटलं असतं. 1996 साली कॉम्पॅकने आपल्या मशीनवरून इंटरनेट एक्स्प्लोररचं चिन्ह काढलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्यांचा विंडोजचा परवाना काढून घेण्याची नोटीस दिली. कॉम्पॅकने मुकाट्याने चिन्ह परत ठेवलं. विंडोजशिवाय पीसी विकणार कुणाला?

भाऊजी, आता सांगा, कॉम्पॅकएवढ्या मोठ्या कंपनीला "नको तर वापरू नका" जमलं नाही, ते तुमच्या मेहुणीला कसं जमणार?

भाऊजींचा खरा हुकमी एक्का पुढेच आहे, आणि तो त्यांनी टाकलाही होता. "पण तो ब्राउझर फुकट होता ना? गिऱ्हाइकाचं काय नुकसान झालं?" मुद्दा साधा नाही. ब्राउझर फुकट मिळणं हा लोकांचा फायदाच होता. आणि रडारड करणाऱ्यांत हरलेले स्पर्धक पुष्कळ असतात हेही खरं. पण भाऊजी, किंमत नेहमी आत शिरतानाच द्यावी लागते असं नाही. काही दुकानांत ती बाहेर पडताना घेतात.

माझंच उदाहरण देते. घरच्यांना ही गोष्ट माहीत आहे, इतरांसाठी सांगते. आमच्या बाबांनी निवृत्त झाल्यावर आपल्या लहानपणच्या आठवणी लिहिल्या. गावची शाळा, विहिरीत पडलेली म्हैस, आजीचं बाळंतपणाचं तंत्र, सगळं. 1999 साली आळीतल्या डीटीपीवाल्याकडून ते टाइप करून घेतलं. एक प्रिंट आणि एक फ्लॉपी. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर ती फाइल जपत आणली. बाबा गेल्यावर उघडली तर आत मराठीचा एक शब्द नाही! नुसते कंस, टक्के, डॉलरची चिन्हं आणि परक्या लिपीतली अक्षरं. कारण तेव्हाचे मराठी फाँट तसेच होते. आत साठायचं काहीतरी इंग्रजी अक्षर, फाँट त्याच्या जागी "क" काढून दाखवायचा. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी. फाँट गेला की मजकूर गेला. (तो विकणाऱ्याचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको.) प्रिंट होती, पण तिची शेवटची अकरा पानं कुठल्यातरी घरबदलात गहाळ झालेली. ती फक्त त्या फाइलीत होती.

महिनाभर खटपट करून एका रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून थोडंफार हाती लागलं. रफार भलत्याच अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या गायब. ताई आणि मी रात्री फोनवर बसून एकेक ओळ लावली. दोन पानं तरीही लागली नाहीत ती नाहीतच. त्यात बाबा आजोबांच्या मृत्यूबद्दल सांगत होते एवढंच कळतं.

आता कोणी म्हणेल, ती फाँटवाली कंपनी कुठे मक्तेदार होती? नव्हती. आणि तिच्यावर खटला भरा असंही मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतेय, की बाहेर पडायची किंमत कशाला म्हणतात ते मला त्या दोन पानांनी शिकवलं. डीटीपीवाल्याकडे बाबांनी मोजले ते पैसे म्हणजे काहीच नव्हतं. आता हेच कुलूप घराघरांतल्या कॉम्प्युटरवर एकाच मालकाने लावलं तर काय होईल, याचा विचार करा. मक्तेदारीचा कायदा त्यासाठी असतो.

आणि न्यायाने सांगायचं तर, देवनागरी या कुलपातून सुटली ती युनिकोडमुळे, आणि विंडोज 2000मध्ये त्या देवनागरीची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिली. त्या जोरावर आपण बरहा नि गमभन वापरून ऑनलाइन मराठी खरडायला लागलो. तेव्हा कंपनी म्हणजे राक्षस असं माझं म्हणणं नाहीच. तीच कंपनी एक दार उघडते आणि दुसरं खिळे ठोकून बंद करते. आपण दारं मोजायची.

आता भाच्याकडे वळू. बाळा, तुझा राग मला समजतो. पण मशीन बंद पडली, बटण इकडचं तिकडे गेलं, अपडेट ऐन वेळी आलं, या गोष्टी कोर्टाच्या नाहीत. वाईट सॉफ्टवेअर लिहिणं हा गुन्हा ठरवला तर तुझ्यासकट अर्धं हिंजवडी तुरुंगात जाईल! :-)

आणि तुकड्यांचं म्हणशील, तर तेही झालं होतं. जून 2000मध्ये जॅक्सनसाहेबांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. पण खटला चालू असताना ते गुपचूप पत्रकारांशी बोलत होते! जून 2001मध्ये अपील कोर्टाने तुकड्यांचा हुकूम रद्द केला, खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे दिला. मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा मुख्य ठपका मात्र कायम ठेवला. शेवटी 2002मध्ये तडजोड मंजूर झाली. पण तोवर नेटस्केप कुठे होती? 1998च्या नोव्हेंबरातच ती एओएलने विकत घ्यायचं ठरलं होतं. निकाल लागला तेव्हा फिर्यादीचं कारणच उरलं नव्हतं. आणि जिंकलेल्याने काय केलं? इंटरनेट एक्स्प्लोरर 6 आला 2001मध्ये, 7 आला 2006मध्ये. मध्ये पाच वर्षं! पलीकडचं दुकान बंद झाल्यावर चिवडा ताजा ठेवायची घाई कोणाला?

मग उपाय कुठला चालतो? युरोपने दोन्ही प्रकार करून पाहिले, एकाच निकालात. मार्च 2004मध्ये 49.7 कोटी युरोंचा दंड केला आणि दोन हुकूम दिले. पहिला, मीडिया प्लेयर नसलेलं विंडोजही विका. कंपनीने विकलं, त्याच किमतीला! त्याच पैशात एक वस्तू कमी, कोण घेणार? दुसरा हुकूम होता, इतरांच्या सर्व्हरना विंडोजशी बोलता यावं म्हणून लागणारी माहिती द्या. त्याच्यावर कंपनी वर्षानुवर्षं भांडली, सप्टेंबर 2007मध्ये हरली, आणि त्याच डिसेंबरात सांबा नावाच्या मुक्त प्रकल्पाला ती माहिती एकरकमी 10,000 युरोंत मिळाली. या दुसऱ्या हुकमाबद्दल कोणी चकलीबरोबर गप्पा मारत नाही, पण दार उघडलं ते त्याने.

पहारा मात्र लागतोच. ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवू असं वचन कंपनीने युरोपला 2009मध्ये दिलं. मे 2011 ते जुलै 2012 तो पडदा लाखो मशीनवरून गायब होता! मार्च 2013मध्ये त्याबद्दल 56.1 कोटी युरोंचा दंड बसला.

"हे सगळं जुनं झालं, बाजारानेच मायक्रोसॉफ्टला धडा शिकवला, फायरफॉक्स आला, गूगल आलं," असं भाऊजी म्हणतील. आलं ना. पण मला वाटतं, खटल्याचा पहारा मानेवर नसता तर त्या छोट्या गूगललाही नेटस्केपच्या वाटेने पाठवलं असतं. आणि मोठी झाल्यावर गूगलने काय केलं? फोनवर नि ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून असावं म्हणून 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर वाटले. ऑगस्ट 2024मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी तिला बेकायदा मक्तेदार ठरवलं, आणि त्या निकालात 2001च्या मायक्रोसॉफ्ट निकालाचाच आधार घेतला. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. म्हणजे राजा बदलतो, शिडी ओढायची सवय तीच राहते.

तेव्हा थोडक्यात माझं म्हणणं असं. भाऊजी, "नको तर वापरू नकोस" हे वाक्य म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, पण आधी दार उघडं आहे का ते बघा. आणि बाळा, कोर्टात जायचंच असेल तर "हे सॉफ्टवेअर वाईट आहे" म्हणून जाऊ नकोस, "मला सोडून जाता येत नाही" म्हणून जा. सामान दुसरीकडे नेता येतं का, दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला ते वाचता येतं का, आणि दुसऱ्याला दुकान टाकू दिलंय का, एवढंच विचार.

बाबांच्या आठवणी आता युनिकोडमध्ये आहेत, साध्या मजकुराच्या फाइलीत. नातेवाइकांपैकी ज्यांना हव्यात त्यांनी कळवा, पाठवते. ती दोन पानं सोडून. आणि कुणाच्या कपाटात त्या जुन्या प्रिंटची प्रत निघाली, तर कृपा करून आधी मला फोन करा, मग बाकी वाद घालू.