कुंडलिनी, गुरुपरंपरा आणि वैनगंगेचा काठ

अंतःशक्ती जागवून देण्याचा दावा करणाऱ्या शिबिरांना शहरांत आज तोटा नाही. ‘आमचीच परंपरा अस्सल’ हा वादही नवा नाही. भंडारा जिल्ह्याच्या सीमेवर साडेआठशे वर्षांपासून नांदणारी एक परंपरा या वादाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी देऊ शकते.

‘ऊर्जा’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. दोन दिवसांच्या शिबिरात चक्रे शुद्ध करून देणारे, दूरध्वनीच्या पडद्यावरून शक्तिपात करणारे आणि चीनमधील ताओपंथीयांची गुप्त श्वसनविद्या मुंबई-पुण्यात शिकवणारे, असे नाना तऱ्हेचे आचार्य शहरी मध्यमवर्गाच्या दारी उभे आहेत. ग्राहक सुशिक्षित आहे, त्याच्या हाताशी पैसा आहे आणि मन अस्वस्थ आहे. साहजिकच व्यवसाय भरभराटीला आला आहे. या आचार्यांमध्ये आपसांत जे वाद झडतात, त्यांचे सूत्र मात्र ठरलेले असते. माझ्या गुरूंची परंपरा अखंड आहे, तुमची मध्येच तुटली आहे. खरी क्रिया आमच्याकडे आहे, तुमच्याकडे केवळ पुस्तकी ज्ञान आहे. जे गुप्त ठेवायचे ते तुम्ही बाजारात मांडले.

हा वाद केवळ शहरी किंवा केवळ आधुनिक मानणे चुकीचे ठरेल. मराठी वाङ्मयाचा आरंभच मुळी या प्रश्नाच्या सावलीत झाला आहे. त्यासाठी भंडारा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, वैनगंगेच्या काठी जावे लागते.

अंभोऱ्याचा दावा

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात अंभोरा हे क्षेत्र आहे. पलीकडच्या तीरावर भंडारा जिल्हा सुरू होतो. येथे पाच नद्यांचा संगम मानला जातो आणि टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयामुळे या परिसराचे रूप पालटले, दोन्ही जिल्ह्यांना जोडणारा भव्य पूलही आता झाला. त्यामुळे सुटीच्या दिवशी येथे पर्यटकांची गर्दी होते. परंतु या स्थानाचे खरे महत्त्व निराळे आहे. मराठीतील आद्य ग्रंथांत ज्याची गणना होते तो मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ येथेच रचला गेला, असे विदर्भातील परंपरा मानते. ग्रंथात शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ हा काळ येतो, तसेच वैनगंगेच्या तीरावरील अंबानगरीचा उल्लेखही येतो. दुसरीकडे, मुकुंदराजांची समाधी मराठवाड्यात अंबेजोगाईला दाखवली जाते आणि तेथील अभिमानी हीच अंबानगरी असल्याचे सांगतात. ग्रंथाच्या काळाविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मुकुंदराजांची गुरुपरंपरा. आदिनाथ, हरिनाथ, रघुनाथ आणि मुकुंदराज अशी ती सांगितली जाते, आणि हरिनाथांचे स्थान अंभोऱ्याला दाखवले जाते.

या परंपरेचा आरंभ ‘आदिनाथा’पासून, म्हणजे प्रत्यक्ष शिवापासून होतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्ञानेश्वरांनीही आपली परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी सांगितली. अखंड परंपरेचा दावा करताना तिचे मूळ टोक देवापाशी बांधायचे, ही पद्धत भारतापुरती मर्यादित नाही. मुकुंदराजांच्याच शतकात उत्तर चीनमध्ये वांग चोंगयांग (१११३ ते ११७०) यांनी ताओपंथाची छ्वानझन शाखा स्थापन केली. शरीरातील प्राण, वीर्य आणि चित्त यांचे रूपांतर करून अमरत्व साधण्याची ‘आंतरिक किमया’ हा या शाखेच्या साधनेचा गाभा होता. तिच्यातून निघालेली लोंगमन ही उपशाखा आपला उगम वांग यांचे शिष्य छ्यू छूजी यांच्यापाशी नेते. छ्यू म्हणजे ज्यांना चंगीझखानाने अमरत्वाचे औषध विचारण्यासाठी मध्य आशियात बोलावून घेतले होते ते साधू. परंतु आज ज्या रूपात ही शाखा दिसते, तिची बांधणी सतराव्या शतकात वांग छांगयुए यांच्या हयातीत झाली, असे आधुनिक इतिहासकार मानतात. तात्पर्य, परंपरेची वंशावळ ही पुष्कळदा मागाहून लिहिलेली असते. तेवढ्याने साधना खोटी ठरत नाही, पण वंशावळीच्या आधारे गुरू खराही ठरत नाही.

रिकिबीतील ब्रह्म

मुकुंदराजांविषयी एक कथा विदर्भात आणि लगतच्या बैतुल भागात प्रसिद्ध आहे. जैत्रपाळ नावाच्या राजाला ब्रह्म पाहायचे होते, तेही घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवून मांड टाकेपर्यंत. जे साधू हे करू शकत नसत त्यांना तो बंदी करून कष्टाच्या कामाला जुंपत असे. अखेर मुकुंदराज आले, त्यांनी राजाला क्षणात समाधीचा अनुभव दिला आणि साधूंची सुटका केली. पुढे त्याच राजाच्या निमित्ताने ‘विवेकसिंधु’ची रचना झाली, असे सांगतात.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. तरीही आजच्या शिबिरार्थीने ती दोनदा वाचावी अशी आहे. राजाला मेहनत न करता अनुभव हवा होता, तोही आपल्या सोयीच्या वेळेत. तो मिळाला नाही तर दोष साधूंचा. कथेत त्याला अनुभव मिळतो खरा, पण कथा तेथे संपत नाही. त्यानंतर ग्रंथ लिहावा लागतो. जे क्षणात घडले ते समजून घेण्यासाठी विवेचन लागते. अनुभव पुरेसा असता, तर ‘विवेकसिंधु’ची गरजच नव्हती.

हाच विचार महानुभाव पंथात अधिक काटेकोरपणे दिसतो, आणि त्याचा धागाही भंडाऱ्यापाशी येतो. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या आरंभीच्या अनुयायांपैकी निळभट्ट भांडारेकार यांची हकीगत येते. त्यांच्या नावातील गाव म्हणजे भंडारा, असे मानले जाते. स्वामींच्या दर्शनाने त्यांना असा वेध लागला की ते घरदार सोडून मागे निघाले. परंतु महानुभाव तत्त्वज्ञानात ‘वेध’ हा शेवट नाही. वेधानंतर बोध हवा, बोधानंतर अनुसरण, आणि अनुसरणात कठोर आचारधर्म. आजच्या भाषेत सांगायचे तर, शिबिरात अंगावर आलेला शहारा म्हणजे फार तर दारावरची थाप. घरात पाऊल पडले असे त्यावरून ठरत नाही.

योगी विरुद्ध मुक्ताई

कुंडलिनीचे मराठीतील सर्वांत तपशीलवार वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. शके १२१२, म्हणजे १२९० चा हा ग्रंथ. आसन, बंध, कुंडलिनीचे जागणे, तिने देहातील धातू ग्रासणे, हे सारे ज्ञानेश्वरांनी अशा तपशिलाने मांडले आहे की त्यांना ही विद्या ऐकीव नव्हती हे उघड होते. पण बाराव्या अध्यायात तोच मार्ग किती खडतर आहे हे सांगून ते भक्तीचा पक्ष घेतात. नाथपंथाची दीक्षा लाभलेल्या माणसाने सामान्य जनांसाठी हा मार्ग धोपटमार्ग ठरवला नाही, याला विशेष अर्थ आहे.

चांगदेवांच्या आख्यायिकेत हा वाद नाट्यरूपाने येतो. योगबळावर चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून सर्पाचा चाबूक करून येणारा हा योगी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवतो. उत्तरादाखल ‘चांगदेव पासष्टी’च्या पासष्ट ओव्या येतात, आणि अखेर तो अल्पवयीन मुक्ताईला गुरू करतो. मराठी मनाने या कथेतून जो कौल दिला तो स्पष्ट आहे. सिद्धी असू शकतात, आयुष्यही लांबू शकते, पण त्यामुळे माणूस ज्ञानी होत नाही. पुढच्या शतकांत वारकरी संप्रदायाने नामस्मरणाला जे सार्वत्रिक स्थान दिले, त्यामागे हीच भूमिका होती. जे साधन स्त्री, शूद्र, श्रमिक सर्वांना उघडपणे करता येते, ते गुप्त साधनापेक्षा श्रेष्ठ.

गुप्तविद्येची धारा मात्र आटली नाही. विसाव्या शतकात पुण्याच्या वामनराव गुळवणी महाराजांनी (१८८६ ते १९७४) शक्तिपात दीक्षेची परंपरा महाराष्ट्रात रुजवली. टेंबे स्वामींचे शिष्य असलेल्या गुळवणी महाराजांना ही दीक्षा लोकनाथतीर्थांकडून मिळाली होती. ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरीत नित्यानंदांच्या (निधन १९६१) मागे स्वामी मुक्तानंदांनी तीच कल्पना सातासमुद्रापार नेली. १९७०च्या दशकात अमेरिकेत त्यांच्या शिबिरांना हजारो लोक येत. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर शोषणाचे गंभीर आरोप तेथील नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले, आणि १९८५ मध्ये त्यांनी नेमलेल्या दोन उत्तराधिकाऱ्यांमध्ये, म्हणजे सख्ख्या बहीण-भावामध्ये, फूट पडली. परंपरा एक आणि दीक्षा एक, पण वारस कोण यावर सहमती नाही. शिष्याने अशा वेळी कशाच्या आधारे निवड करावी?

चीनचा धडा

या प्रश्नाची किंमत काय असू शकते, हे चीनने पाहिले आहे. ‘छीगोंग’ या नावाखाली जुन्या श्वसन-साधनांना १९५०च्या दशकात तेथील सरकारने वैद्यकीय रूप दिले. १९८०च्या दशकात त्याची देशभर लाट आली. सभागृहे भरून जाऊ लागली, दूरवरून शक्ती पाठवण्याचे दावे होऊ लागले आणि काही शास्त्रज्ञांनीही त्यांना पाठिंबा दिला. याच काळात साधनेतून मनोविकार जडलेले रुग्ण इस्पितळांत येऊ लागले. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेच्या परिशिष्टात छीगोंगमुळे उद्भवणाऱ्या मनोविकृतीची नोंद झाली. एप्रिल १९९९ मध्ये फालुन गोंगच्या हजारो अनुयायांनी बीजिंगमध्ये सत्ताकेंद्रासमोर मूक निदर्शने केली. जुलैमध्ये त्या पंथावर बंदी आली आणि कठोर दडपशाही सुरू झाली. आधी सरकारी आशीर्वाद, मग सरकारी दंडुका. साधकाच्या हिताचा विचार दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

महाराष्ट्राने निराळा मार्ग धरला. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. या कायद्याने श्रद्धेवर किंवा साधनेवर बंदी घातलेली नाही. कीर्तन, प्रवचन आणि पारंपरिक विद्यांचे शिक्षण त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. गुन्हा ठरतो तो चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, अतींद्रिय शक्तीची भीती घालणे, किंवा आपल्यात विशेष शक्ती असल्याचे भासवून लैंगिक शोषण करणे हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. रोग बरे करण्याच्या जादुई दाव्यांच्या जाहिरातींवर तर १९५४ पासूनच केंद्राचा कायदा आहे. म्हणजे कायद्याने रेषा योग्य ठिकाणी ओढली आहे. शक्ती खरी की खोटी या वादात तो पडत नाही. त्या शक्तीच्या नावाखाली माणसाचे काय केले जाते, एवढेच तो विचारतो.

कसोटी कोणती?

साधकानेही हाच प्रश्न विचारायला हवा. परंपरेची अस्सलता हा पहिला निकष मानला जातो, परंतु वंशावळी मागाहून रचल्या जातात हे आपण पाहिले. दुसरा निकष अनुभवाचा. तोही अपुरा आहे, कारण दीर्घ श्वसन, उपवास, जागरण आणि समूहाचा प्रभाव यांतून कंप, प्रकाश, रडू, आनंद असे अनुभव कोणत्याही परंपरेत येतात. त्यांवर कोणत्याही एका गुरूची मोहोर नसते. त्यातच ‘ऊर्जा’ हा पदार्थविज्ञानातील शब्द वापरल्यामुळे मोजता न येणाऱ्या गोष्टीला मोजल्याचा आभास मिळतो. जुने ग्रंथ ‘प्राण’ आणि ‘शक्ती’ म्हणत, तेव्हा निदान हा घोटाळा नव्हता.

उरतो तो तिसरा निकष, आचरणाचा. गुरू पैशाचा हिशेब उघड ठेवतो का? शिष्याला प्रश्न विचारू देतो का? शिष्याची झोप उडाली, मन भरकटले, तर साधना थांबवून त्याला डॉक्टरकडे पाठवतो का? सोडून जाणाऱ्याला अनिष्टाची भीती घालतो का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी कोणतीही गुप्तविद्या लागत नाही. अंतःशक्तीचे अस्तित्व सिद्ध करण्याची जबाबदारीही या प्रश्नांवर नाही. आस्तिक आणि नास्तिक दोघेही ते सारख्याच अधिकाराने विचारू शकतात.

अंभोऱ्याच्या पुलावरून संगम पाहणाऱ्यांपैकी किती जणांना तेथील ग्रंथपरंपरेची माहिती असते, कोण जाणे. परंतु जो ग्रंथ आपला म्हणून विदर्भ अभिमानाने मिरवतो, त्याचे नाव ‘शक्तिसिंधु’ नाही, ‘विवेकसिंधु’ आहे. गुरूच्या शोधात निघालेल्यांनी निदान त्या नावातला पहिला शब्द घरी विसरून जाऊ नये.