रद्दीत जाता जाता राहिलेले अंक

आमची घाटकोपरची इमारत पुनर्विकासाला गेली आणि खोली रिकामी करायची वेळ आली. संसार बांधायला घेतला की कळते, घरातल्या किती वस्तू केवळ कुणाची तरी आठवण म्हणून राहिलेल्या असतात. पोटमाळ्यावर अब्बांच्या दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या. आत कपडे नव्हते की भांडी नव्हती. होती ती जुनी साप्ताहिके. उर्दू ‘ब्लिट्झ’, इंग्रजी ‘इलस्ट्रेटेड वीकली’, मराठी ‘साधना’ आणि ‘माणूस’. अब्बा गिरणीत कामाला होते. चहा एक वेळ कमी घेतील, पण अंक चुकवणार नाहीत, असा त्यांचा स्वभाव.

भाड्याच्या घरात जागा कुठून आणायची? एक ट्रंक आम्ही रद्दीवाल्याच्या काट्यावर रिकामी केली. दुसरी उघडली तेव्हा थोरल्या मुलीने वरचा अंक सहज हातात घेतला आणि तासभर ती जागची हलली नाही. ट्रंक वाचली ती एवढ्यामुळे.

तो अंक जुलै १९७९ चा होता. त्या दिवसांत अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही अंतराळातली प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार होती आणि ती कुठे पडेल हे कुणालाच नेमके सांगता येत नव्हते. अंकात नकाशे होते, तज्ज्ञांची मते होती, घाबरलेल्या वाचकांची पत्रे होती. अम्मी सांगायची, चाळीत पोरांना अंगणात खेळू देत नसत. ११ जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. कुणालाही इजा झाली नाही. गंमत पुढेच आहे. त्यानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. सगळा देश आभाळाकडे बघत होता आणि कोसळले ते दिल्लीतले सरकार!

हा अंक आम्ही नववीच्या वर्गात नेला. मुलांना म्हटले, वाचा आणि या लोकांना कशाची भीती वाटते आहे ते लिहून काढा. मुले हसत होती. इतक्यात एका मुलीने विचारले, “त्यांना शेवट माहीतच नव्हता ना?” इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येक धड्याचा शेवट छापलेला असतो. जुन्या साप्ताहिकात तो नसतो. त्या आठवड्याचा माणूस जेवढे जाणत होता, तेवढेच तिथे असते. म्हणूनच असा अंक सांभाळण्याजोगा असतो, असे आम्हाला वाटते.

पण जुने म्हणजे सगळे खरे, असे मात्र नाही. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला. रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने उघडउघड नानावटींची बाजू घेतली. लोकांनी तो अंक चढ्या भावाने विकत घेतला, असे सांगतात. नऊपैकी आठ ज्यूरींनी नानावटींना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने मात्र त्यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या काळात फक्त ‘ब्लिट्झ’ वाचणाऱ्याला वाटले असेल, सारे जग नानावटींच्या बाजूने आहे. आज मोबाइलवर एकाच गटातले निरोप वाचून आपलेही तसेच होत नाही का? अब्बा त्याच ‘ब्लिट्झ’मधला ख्वाजा अहमद अब्बास यांचा स्तंभ आवडीने वाचत, पण शेजारी दुसरे साप्ताहिकही ठेवत. खबर आली की आधी शहानिशा करावी, ही घरातली शिकवण ते अशी पाळत.

ट्रंकेच्या तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ चे अंक. तो गठ्ठा अब्बांनी हयातीत कधी सोडला नाही, आम्हीही सोडला नव्हता. मुलीने विचारले, “सोडू का?” आम्ही मान हलवली.

छापलेले सगळे आम्हाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते समासात होते. अब्बांनी पेन्सिलीने, बारीक उर्दू अक्षरात टिपणे केली होती. आज लोकल बंद. तांदूळ चार दिवसांचा. समोरच्या काकूंनी दूध आणून दिले, पैसे घेतले नाहीत. रात्री जिन्यावर पहारा, आम्ही तिघे आणि ते तिघे. एका पानावर फक्त एवढेच : मुले झोपली.

त्या रात्री आम्ही झोपलो होतो, कारण कुणीतरी जागे होते. अब्बांनाही शेवट माहीत नव्हता. काकूंनाही नव्हता. शेवट माहीत नसताना त्यांनी दूध आणून दिले, हे कोणत्या बातमीत छापले गेले? मुलीने ते पान दोनदा वाचले आणि गठ्ठा पुन्हा बांधला. सुतळी मात्र बदलली.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असे काही असेल. रद्दीत देण्याआधी एकदा चाळा. समास बघा. ठेवायचे ठरवले तर थोडी काळजी घ्या. वर्तमानपत्री कागद स्वस्त लगद्याचा असतो, ऊन आणि हवा लागून तो पिवळा पडतो, मग तुटतो. अंक उभे न ठेवता आडवे ठेवा. गंजलेल्या पिना अलगद काढा. फाटले तरी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद खातो. मुंबईच्या पावसात दमट भिंतीला ट्रंक टेकवू नका आणि कसर लागली नाही ना, हे पावसाळा संपल्यावर उघडून पाहा. घरात जागाच नसेल तर एखाद्या ग्रंथालयाला विचारून बघा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, उर्दू अंकांसाठी सीएसएमटीजवळ अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे. देण्यापूर्वी घरच्यांनी लिहिलेल्या पानांचे फोटो तेवढे काढून ठेवा.

आम्ही रद्दीत दिलेल्या ट्रंकेतल्या समासात काय लिहिले होते, ते आता कधीच कळणार नाही. राहिलेली ट्रंक भाड्याच्या घरात पलंगाखाली आहे. मुलगी दर रविवारी एक अंक काढते. उर्दू अक्षरे तिला नीट लागत नव्हती, आता ती शिकते आहे. आजोबांचे अक्षर वाचायचे आहे म्हणते.