दिंडीचा जनरेटर



आमच्या दिंडीत सध्या दोन तट पडले आहेत. कारण आध्यात्मिक वगैरे काही नाही. जनरेटर कोणता घ्यायचा, एवढाच वाद आहे.

निलंग्याहून आषाढीला निघणारी आमची दिंडी लहान, साठेक माणसांची. एक ट्रक, चार राहुट्या, एक आचारी, आणि औसा, तुळजापूर, सोलापूर करीत दहा-अकरा दिवसांत पंढरपूर. पुण्याची नातवंडे पवना धरणाच्या काठी तंबूत एक रात्र काढतात, त्याचे पैसे मोजतात आणि त्याला कॅम्पिंग म्हणतात. मी त्यांना म्हटले, बाबांनो, तुमचा आजा दरवर्षी दहा रात्रींचे कॅम्पिंग करतो, तेही पावसात आणि वर्गणी देऊन.

इतकी वर्षे आम्ही भाड्याचा जनरेटर नेत होतो. यंदा स्वतःचाच घ्यावा असे ठरले. दिंडीप्रमुखांचे म्हणणे, पाच केव्हीएचा घ्या, एकदाचा सगळा भार निघेल. मी म्हणतो, एक केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर पुरे. यावर बैठकीत एकाने विचारले, “सर, तुम्ही मराठीचे बी.ए., तुम्हाला केव्हीए काय कळतं?” प्रश्न रास्त होता. म्हणून मोटार वाइंडिंगचे दुकान असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याकडे दोन संध्याकाळी जाऊन बसलो. पूर्वी तो माझ्यासमोर खाली मान घालून बसायचा, या वेळी मी बसलो.

पहिला घोटाळा शब्दाचा. आपल्याकडे 2005 नंतरच्या भारनियमनात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यामुळे इन्व्हर्टर म्हटले की डोळ्यांपुढे कोपऱ्यातली पाणी घालायची बॅटरी येते. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये तशी बॅटरी नसते. साध्या जनरेटरला 50 हर्ट्झची वीज द्यायची तर त्याचे इंजिन बहुधा मिनिटाला 3000 फेऱ्यांनी फिरतच राहावे लागते, मग एक बल्ब लावा की पन्नास. इन्व्हर्टरच्या जातीत इंजिन जी वीज करते ती आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडल तिच्यापासून स्वच्छ, एकसारखी एसी वीज बनवते. त्यामुळे भार कमी असेल तेव्हा इंजिन हळू फिरले तरी चालते. पेट्रोल वाचते, आवाज कमी होतो, आणि मोबाइल, माइकचे मशीन अशा नाजूक वस्तूंना विजेचे हेलकावे बसत नाहीत. दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या जनरेटरने आमचे माइकचे मशीन ऐन हरिपाठात जाळले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. किंमत साध्यापेक्षा बरीच जास्त, हे मात्र कबूल.

आता आमचा भार किती? शाळेत गणिताचे शिक्षक रजेवर असले की तो तास माझ्याकडे यायचा, त्या अधिकाराने सांगतो. नऊ वॉटचे दहा बल्ब म्हणजे 90. माइकचे 100. एका वेळी वीस मोबाइल चार्जिंगला, प्रत्येकी 10 धरले तर 200. झाले 390. पाच केव्हीए कशाला? आचारी म्हणाला, “माझा मिक्सर!” मिक्सर 750 वॉटचा, आणि मोटार सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट मागते. खरे तर पाच केव्हीएचा सगळा खटाटोप एका चटणीसाठी चालला आहे. शेंगदाण्याची चटणी घरून कुटून न्या आणि ठेचा मुक्कामाच्या गावी कोणाच्या तरी घरी वाटून घ्या. वारकऱ्याला मिक्सर नाकारणारे घर आपल्या मुलखात मला अजून भेटलेले नाही.

दुकानात गेलात तर डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो बहुतेक वेळा ‘मॅक्स’ असतो, म्हणजे थोडा वेळच झेपणारा. तासन् तास चालवायचा आकडा ‘रेटेड’, तो लहान अक्षरात असतो. केव्हीए म्हणजे सरळ वॉट असेही समजू नका, थोडी सूट ठेवा. आवाजाचा आकडा किती अंतरावरून आणि किती भारावर मोजला तेही विचारा. सात मीटरवरून पाव भारावर सगळेच गरीब गाय असतात. एक केव्हीएचे यंत्र साधारण तेरा किलोचे, आमची मुक्ताबाईसुद्धा एका हाताने उचलील. (उचलायला सोपे ते चोरालाही सोपे, म्हणून ट्रकला साखळीने बांधायचे.)

पण हे सगळे तपशील झाले. माझा खरा आग्रह दुसऱ्याच दोन गोष्टींसाठी आहे.

गेल्या आषाढीला एका मुक्कामी संध्याकाळपासून पावसाची झड लागली. जनरेटर भिजू नये म्हणून पोरांनी तो ट्रक आणि बायकांची राहुटी यांच्यामधल्या ताडपत्रीखाली ठेवला. हेतू चांगलाच. रात्री दहाच्या सुमारास एकेकीचे डोके दुखायला लागले, दोघींना उलट्या झाल्या. सगळ्यांनी पिठल्याला दोष दिला आणि आचारी बिचारा रडकुंडीला आला. दिंडीत एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना कशी कोण जाणे शंका आली. त्यांनी ओरडून सगळ्यांना पावसात बाहेर काढले आणि जनरेटर बंद करायला लावला. तासाभरात सगळ्या सावरल्या. तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागाही होत नाही. त्या पाच मिनिटे उशिरा उठल्या असत्या तर काय, हा विचार मी अजून पुरता करू शकलेलो नाही. इन्व्हर्टरचा महागडा जनरेटर घेतला तरी हा धोका तसाच राहतो. आवाज कमी म्हणून लोक त्याला आणखी जवळ ठेवतात, हे तर जास्तच वाईट. तंबूपासून निदान वीस फूट लांब, धुराचे तोंड माणसांकडून पलीकडे, आणि पाऊस असेल तर वर उंच छप्पर, पण चारी बाजू उघड्या. हे जमत नसेल तर त्या रात्री अंधार बरा. लांब वायरचे पैसे जनरेटरच्या किमतीतच धरा.

दुसरी गोष्ट रात्रीची. मी जनरेटरच्या विरोधात नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही काही शिक्षक मदतीला गेलो होतो. रात्री एका तंबूत दिवा होता, आत डॉक्टर जखमा शिवत होते आणि बाहेर जनरेटर धडधडत होता. त्या आवाजाची कोणाला अडचण नव्हती, उलट तो जरा अडखळला की छातीत धस्स व्हायचे. पण वारीत वीस किलोमीटर चाललेल्या माणसाला रात्री झोप हवी असते, आणि आमचा जनरेटर पहाटेपर्यंत चालायचा. कशासाठी? पाच-सहा बल्बांसाठी आणि, सांगायला लाज वाटते, माझ्यासाठी.

मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. तीन वर्षांपासून रात्री नाकावर सीपॅपचे मशीन लावून झोपतो. डॉक्टर म्हणतात, एक रात्रही चुकवायची नाही. सौ. म्हणते, मशीन चालणार नसेल तर वारी नाही. गेल्या वर्षी माझ्या एका मशीनसाठी साठ माणसे तो खडखडाट ऐकत होती आणि कोणी एका शब्दाने बोलले नाही. तेव्हा माझ्या म्हणण्यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो.

मशीनला सुमारे 40 वॉट लागतात. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवायचा, आषाढात हवेत ओल काही कमी नसते. आठ तासांचे 320 वॉट-तास. मधली गळती धरून 370-380. लिथियमच्या बॅटरीची पेटी मिळते, तिला पॉवर स्टेशन म्हणतात. 500 वॉट-तासांची पेटी सहा-सात किलोची असते. हरिपाठ, कीर्तन, जेवण होईपर्यंत दोन-अडीच तास जनरेटर चालला की तेवढ्यात ही पेटी भरते. 200-250 वॉट तिचे आणि 390 आपले, एक केव्हीएला ते झेपते. मग दहाला जनरेटर बंद. उरलेली रात्र मशीन पेटीवर, आणि वाटेवरचे दोन बल्ब तिच्याच शिलकीवर. तिथे धूर नाही, आवाज नाही, आणि पेटी उशाशी ठेवली तरी चालते.

मग नुसत्या मोठ्या पेट्याच का नकोत, असे जावई विचारतात. त्यांचे पुण्यात ठीक आहे. एका रात्रीची सहल असेल तर जनरेटर घेऊच नका, घरून पेटी भरून न्या. पण रोज नवे गाव असेल आणि आषाढातले आभाळ असेल तर सोलर पाट्यांवर विसंबता येत नाही. ती भरायला काहीतरी लागतेच.

पेट्रोलचे एक सांगायचे राहिले. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, म्हणजे आपल्या लातूरच्या उसाचाच वंशज. यंत्राच्या पुस्तिकेत किती इथेनॉल चालते ते घेण्याआधी वाचा. वारीहून परत आल्यावर टाकी रिकामी करायची, तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचे, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये डिंक साचतो आणि पुढच्या आषाढीला दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत नाही, धातूच्या डब्यातच, आणि यंत्र थंड झाल्यावरच भरायचे.

बैठक येत्या एकादशीला आहे. पेटीचे पैसे मी माझ्या पेन्शनमधून देणार, ती दिंडीच्या वर्गणीत धरायची नाही, हे मी लिहून दिले आहे. परिचारिकाबाई माझ्या बाजूने आहेत. आचाऱ्याने अजून काही सांगितलेले नाही. काल बाजारात भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, “सर, ठेचा वाटायला कोणाच्या घरी जायचं ते तुम्ही ठरवा, पण पाटा-वरवंटा मला सांगू नका.”