शिरस्त्राण आणि सत्याची शर्यत

सायकल शर्यतीच्या सर्व प्रकारांत 'टाइम ट्रायल' हा सर्वांत एकाकी प्रकार आहे. स्पर्धक ठराविक अंतराने एकेक करून सुटतात. पुढच्याच्या पाठीमागे राहून वारा चुकवण्याची सोय येथे नसते, डावपेचांना वाव नसतो, संघातील सोबत्याचा आधार नसतो. रस्ता, घड्याळ आणि स्वतःचे पाय एवढेच उरते. म्हणूनच युरोपात या प्रकाराला 'सत्याची शर्यत' म्हणण्याची रूढी पडली. हे विशेषण आज कितपत सार्थ आहे, आणि ते सार्थ राहावे अशी इच्छा असेल तर नियम कोणी व कोणासाठी करायचे, हा या लेखाचा विषय आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये. साधन आणि साधना यांतला वाद आपल्या घरातलाच आहे.

कुरुंदवाडच्या परिसरातून पाहिले की हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. पंचगंगेच्या काठचा, उसाच्या मळ्यांमधून जाणारा शिरोळ तालुक्यातला रस्ता बव्हंशी सपाट. चढ नसलेल्या रस्त्यावर सायकलपटूचा खरा प्रतिस्पर्धी एकच, हवा. शेजारच्या इचलकरंजीची पूजा दानोळे हिने २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदके मिळवली, तेव्हा या पट्ट्यातल्या मुलामुलींना हा खेळ आपलाही असू शकतो हे दिसले. पण खेळ आपला होण्यासाठी पाय पुरेसे आहेत की आणखी काही विकत घ्यावे लागते?

थोडे गणित येथे अपरिहार्य आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो भेदण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी ४० किलोमीटरचा वेग ४४ वर न्यायचा, म्हणजे दहा टक्के वाढवायचा, तर हवेसाठी सुमारे तेहतीस टक्के अधिक शक्ती लागते. उलट, शक्ती तीच ठेवून हवेचा विरोध तीन टक्क्यांनी कमी केला, तर वेग सुमारे एक टक्क्याने वाढतो. अर्ध्या तासाच्या शर्यतीत याचा अर्थ अठरा सेकंदांच्या आसपास होतो. मागे निमुळते होत जाणारे हेल्मेट, अंगाला चिकटलेला पोशाख, भरीव मागचे चाक, कोपर टेकवण्याचे पुढे आलेले दांडे: प्रत्येकाची बचत किरकोळ, एकत्र केली की निर्णायक. त्यातही मोठा अडथळा सायकलचा नसून स्वाराच्या देहाचा असतो, म्हणून सगळी धडपड देह लहान करण्याची. हेल्मेटचे शेपूट पाठीशी जुळले तर लाभ होतो. दमलेल्या स्वाराने मान खाली घातली की तेच शेपूट वर उभे राहून वारा अडवते.

या किरकोळ बचतीने इतिहास घडवल्याचे प्रसिद्ध उदाहरण १९८९ च्या 'टूर द फ्रान्स'चे. अखेरच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. फ्रान्सचा लोराँ फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने कोपर टेकवण्याचे दांडे आणि निमुळते हेल्मेट वापरले; फिन्यों साध्या दांड्यावर, उघड्या डोक्याने, केसांची शेंडी वाऱ्यावर सोडून धावला. तीन आठवड्यांच्या शर्यतीचा निकाल अवघ्या आठ सेकंदांनी लेमाँडच्या बाजूने लागला. फिन्योंला त्या दिवशी बैठकीच्या जागी गळवाचा त्रास होता, हेही नोंदवले पाहिजे. तरीही आठ सेकंद हा आकडा इतका लहान आहे की त्यात एका शेंडीलाही जागा मिळते.

आणखी बोलके उदाहरण तासाभराच्या विक्रमाचे. १९९६ मध्ये इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने हात पुढे ताणलेल्या बैठकीत एका तासात ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले. पुढे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे युसीआयने, हा विक्रम १९७२ मधल्या एडी मर्क्सच्या काळासारख्या साध्या सायकलवरच करावा असा नियम केला. २००० साली त्याच बोर्डमनने तशा सायकलवर ४९.४४१ किलोमीटर कापले, मर्क्सपेक्षा केवळ दहा मीटर अधिक. वय चार वर्षांनी वाढले होते हे मान्य करूनही जवळजवळ सात किलोमीटरचा फरक उरतो. माणूस तोच. मग विक्रम कोणाचा? २०१४ मध्ये संघटनेने हा नियम पुन्हा सैल केला आणि आधुनिक साधनांना वाट मोकळी झाली.

संस्कृत काव्यशास्त्रात अलंकार हे कड्याकुंडलांसारखे बाहेरून घातलेले असतात की काव्याच्या देहाचाच भाग असतात, यावर शतकानुशतके खल झाला. टाइम ट्रायलमधले हेल्मेट हा असाच प्रश्न उभा करते. 'शिरस्त्राण' या शब्दात त्राण म्हणजे रक्षण आहे. टाइम ट्रायलच्या सुरुवातीच्या कित्येक निमुळत्या टोप्यांत मात्र रक्षण नावापुरतेच होते. ते केवळ हवेसाठी चढवलेले कवच होते. २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्हचा डोक्याला मार लागून मृत्यू झाला, त्यानंतर व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे झाले आणि शब्दाला त्याचा अर्थ काहीसा परत मिळाला. २०२४ च्या वसंतात काही संघांची अवाढव्य हेल्मेटे पाहून संघटनेला पुन्हा विचार करावा लागला, आणि एका हेल्मेटखालच्या मस्तकवेष्टनावर एप्रिलपासून बंदी आली.

बंदी हा उपाय सरळ वाटतो; पण बंदीचा इतिहास निर्मळ नाही. स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने १९९३ मध्ये स्वतः जुळवलेल्या सायकलवर तासाचा विक्रम मोडला. त्या सायकलीत कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग होते. हात छातीखाली घेण्याची त्याची बैठक हीच त्याची प्रयोगशाळा. पुढच्याच वर्षी ती बैठक बेकायदा ठरली. ज्याने पैशाची उणीव बुद्धीने भरून काढली त्याचा शोध बाद झाला आणि बड्या कारखान्यांची महागडी साधने बहुतांशी चालत राहिली. शुद्धतेच्या नावाने केलेला नियम असा नेमका दुबळ्यावर पडू शकतो. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या परिसरात राहणाऱ्यांना ओब्रीचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणून नियमाची कसोटी शुद्धता ही नसावी; दार कोणासाठी उघडे राहते, ही असावी. कुरुंदवाडपाशी या कसोटीचे दोन दाखले आहेत. पहिला वेटलिफ्टिंगचा. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या कुरुंदवाडच्या तिघांनी कांस्यपदके मिळवली. एका लहान गावाला हे जमले यात गुरू, शिस्त आणि कष्ट यांचा वाटा आहेच. पण खेळाच्या रचनेचाही आहे. पुरुषांची दांडी सर्वत्र वीस किलोचीच. तांबडी चकती पंचवीस किलोची, ती ग्लासगोतही तेवढीच जड. खुराक आणि प्रशिक्षण यांत विषमता राहते, पण पन्नास हजार रुपये जास्त मोजून कोणी हलके लोखंड उचलू शकत नाही.

दुसरा दाखला साधनाच्या बाजूचा आहे. १८७२ साली कुरुंदवाडात जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे घेतले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वरलेखनाची पद्धती सिद्ध केली. स्वरलिपी हेही साधनच. तिने गाण्यातला जिवंतपणा हरवतो असा आक्षेप घेता येतो, आणि तो निराधार नाही. परंतु घराण्याबाहेरच्या विद्यार्थ्याला तिने आत घेतले. साधन म्हणून साधन वाईट नसते. स्वरलिपी दार उघडते. लाखाच्या घरातली सायकल आणि तिला साजेसे हेल्मेट, तालुक्याच्या पातळीवर, दार लावून घेते.

माझे म्हणणे यातून निघते. शालेय, तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या टाइम ट्रायल साध्या सायकलवर, साध्या हेल्मेटवर, भरीव चाके आणि कोपरदांडे वगळून व्हाव्यात. इंग्लंडमध्ये अलीकडे टाइम ट्रायलमध्ये साध्या रोड सायकलींचा स्वतंत्र गट ठेवला जातो. त्यात हीनत्व कोणी मानत नाही. यावर रास्त आक्षेप असा की ज्या मुलीने ती आखडलेली बैठक कधी सरावातच घेतली नाही, ती राष्ट्रीय स्पर्धेत मागे पडेल. त्याचे उत्तर बंदीत नाही, वाटपात आहे. सार्वजनिक वाचनालयाने जसे न परवडणारे ग्रंथ वाचकाच्या हाती दिले, तशी जिल्ह्याच्या क्रीडा यंत्रणेने चार-सहा टाइम ट्रायल सायकली, विविध मापांची हेल्मेटे आणि ती बसवून देणारा एक जाणकार ठेवावा. निवड पायांवर व्हावी आणि निवडलेल्याला साधन मिळावे, हा क्रम महत्त्वाचा. आज तो उलटा आहे: साधन असेल तो निवडला जाण्याची शक्यता अधिक.

घड्याळ खोटे बोलत नाही, हे खरे. पण त्याने सांगितलेल्या सेकंदांत पायांचे किती आणि पाकिटाचे किती, हे घड्याळ सांगत नाही. ते वेगळे काढण्याचे काम नियमांचे आहे. ते होत नाही तोवर या शर्यतीला सत्याची शर्यत म्हणणे हा केवळ अलंकार राहील.